इटालियन क्रियापदं: सापेरे कुठं, कोनोशेरे कुठं?

फर्दापूर_गाईड:
अजिंठ्यात इटालियन ग्रुप घ्यायची तयारी करायलोय. शब्द पाठ आहेत, पण जोडीतलं कोणतं क्रियापद घ्यायचं तिथं अडकायलंय. सापेरे–कोनोशेरे, पोतेरे–रियुशीरे, वेदेरे–ग्वार्दारे, पार्तीरे–उशीरे. शब्दकोशात दोन्हींना अर्थ एकच. लेण्यात चालतील अशी वाक्यं सांगा.

लातूर_भाषावर्ग:
शब्दकोश इंग्रजीतला असेल तर घोळ होणारच. मराठीतून बघा.

ग्वार्दारे म्हणजे मुद्दाम बघणं, वेदेरे म्हणजे दिसणं. आधी "ग्वार्दाते इल सोफित्तो" (छताकडे बघा), मग "वेदेते इल लोतो?" (कमळ दिसतंय का?). एक अपवाद असा की लेणी बघायला जाणं हे "आन्दारे आ वेदेरे ले ग्रोत्ते", तिथं ग्वार्दारे नको. कानाचंही तसंच. सेन्तीरे म्हणजे ऐकू येणं, आस्कोल्तारे म्हणजे लक्ष देऊन ऐकणं. मागच्या माणसांना "मि सेन्तीते?" (माझं ऐकू येतंय का?) विचारा. "मि आस्कोल्ताते?" म्हणालात तर मास्तर वर्गावर ओरडल्यागत वाटेल.

सापेरे म्हणजे माहीत असणं किंवा येणं; त्यापुढं माहिती येते, म्हणजे के (की), दोवे (कुठं), क्वान्दो (कधी) यांनी सुरू होणारं वाक्य, नाहीतर दुसरं क्रियापद: "सो नुओतारे", मला पोहता येतं. कोनोशेरे म्हणजे ओळख असणं; त्यापुढं माणूस, गाव, विषय. कोनोशेरेनंतर "के" कधीच नाही. निजाम सरकारनं १९२०–२२ मध्ये चित्रांच्या जतनासाठी इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी यांना आणलं होतं, त्यावरच दोन वाक्यं बसवा: "कोनोशेते चेकोनी?" (चेकोनी ठाऊक आहे का?) आणि "सापेते के एरा इतालियानो?" (तो इटालियन होता हे माहीत आहे का?) त्यांनी लावलेलं शेलॅक (लाखेचं रोगण) पुढं पिवळं पडलं, तेही सांगून टाका, लोक विचारतातच.

भूतकाळात अर्थ सरकतो. "ओ सापुतो" म्हणजे कळलं, "सापेवो" म्हणजे माहीत होतं. "ओ कोनोशुतो" म्हणजे पहिल्यांदा ओळख झाली.

पैठणगेट:
पोतेरेत परवानगी किंवा शक्यता, रियुशीरेत खटपट करून जमणं. फ्लॅशला मनाई आहे, म्हणून "नोन सि पुओ उसारे इल फ्लॅश". पायऱ्यांवर कुणी "नोन रिएस्को आ सालीरे" म्हणालं तर त्याला चढवंना झालंय, डोलीवाल्याला हाक मारा. "नोन पोस्सो सालीरे"त कारण काहीही असू शकतं, डॉक्टरची मनाईसुद्धा.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. रियुशीरेनंतर "आ" लागतो, पोतेरेनंतर लागत नाही. आणि रियुशीरेचा भूतकाळ एस्सेरे (असणे) हे क्रियापद घेऊन होतो: पुरुष "सोनो रियुशीतो", बाई "सोनो रियुशीता". "ओ रियुशीतो" चूक.

लातूर_भाषावर्ग:
चौथी जोडी राहिली. आपलं "निघणे" दोन्हीकडं चालतं, म्हणून अडकतं. आतून बाहेर पडणं ते उशीरे: "उशामो दाल्ला ग्रोत्ता" (लेण्यातून बाहेर पडू). प्रवासाला निघणं, गाडी सुटणं ते पार्तीरे: "लाउतोबुस पार्ते आल्ले क्वात्रो" (बस चारला सुटते). उशीरेची रूपं रियुशीरेसारखीच चालतात, एस्को–रिएस्को, एकदाच पाठ करा.

फर्दापूर_गाईड:
मग "पार्तियामो ला ग्रोत्ता" चालंल का?

पैठणगेट:
नाही. पार्तीरेला कर्म लागत नाही. सोडणं असेल तर लाशारे: "लाशामो ला ग्रोत्ता", "लाशाते क्वि ले स्कार्पे" (चपला-बूट इथं ठेवा). आणि पुढून कुणी हाक मारली तर "वादो" (जातो) म्हणू नका, त्यांना वाटेल तुम्ही दुसरीकडंच चाललात. आपण "आलो, आलो" म्हणतो तिथं ते "वेन्गो!" (येतो) म्हणतात.