रिप्लेगेन चालू ठेवल्याने आवाजाची प्रत बिघडते का? नेमकी सेटिंग हवी (सोलापूर)

साखरपेठ_श्रोता
नमस्कार मंडळी. लॅपटॉपवर फूबार २००० हा प्लेअर, त्याला यूएसबी डॅक (डिजिटल फाइलीचा अॅनालॉग आवाज करणारं यंत्र), पुढे स्टिरिओ अँप आणि बुकशेल्फ स्पीकर अशी जोडणी आहे. संग्रह मिश्र आहे: रागसंगीताचे फ्लॅक (प्रत न घटवता लहान केलेल्या फाइली) अल्बम, सत्तरच्या दशकातली मराठी-हिंदी गाणी एमपी३ मध्ये, शिवाय अलीकडची सिनेमाची गाणी. मिसळून लावली की दर गाण्याला नॉब फिरवावा लागतो. रिप्लेगेन (गाण्याची पातळी मोजून टॅगमध्ये लिहायची आणि वाजवताना त्यानुसार आवाज कमी-जास्त करायची सोय) चालू केलं की पातळी सारखी होते, पण आवाज दबल्यासारखा वाटतो. बिट जातात, बंदच ठेवा, असंही सांगतात. नेमकं काय करावं? भोवती यंत्रमाग आहेत आणि उन्हाळ्यात कूलरही चालू असतो, तेही लक्षात घ्या. गाडीत पेन ड्राइव्हवर हीच गाणी लागतात.

मंद्र_पंचम
बंद करू नका. सलग ऐकताना अल्बम गेन (पूर्ण अल्बमला एकच आकडा; ट्रॅक गेनमध्ये दर गाण्याला वेगळा) लावा, आउटपुट २४ बिट करा आणि कमी झालेला आवाज अँपच्या नॉबने भरून काढा. 'दबल्यासारखं' वाटण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की आवाज कमी झालेला असतो. कमी पातळीवर कानाला खर्ज मंद ऐकू येतो; फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक 'आवाज मोठा' असा कळत नाही, 'आवाज चांगला' असा कळतो. म्हणून पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना धरूच नका.

जुळवायची पद्धत अशी. ६० हर्ट्झचा टोन असलेली, टॅग नसलेली फाइल घ्या. रिप्लेगेन बंद ठेवून ती वाजवा आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. १ व्होल्टच्या आसपास पुरे. मग रिप्लेगेन चालू करून 'गेनची माहिती नसलेल्या फाइलींसाठीचा प्रीअँप' (सरसकट लागणारी वाढ-घट) −९ डेसिबलवर न्या आणि तोच आकडा येईपर्यंत नॉब वाढवा. नॉबच्या या दोन जागांवर खूण करा. आता ज्या अल्बमचा गेन −९ च्या जवळ आहे तो दोन्ही खुणांवर ऐका. १ किलोहर्ट्झचा टोन घेऊ नका, स्वस्तातले मल्टिमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतात.

होटगीरोड_ऑडिओ
बिटांचं गणित मी देतो. ६ डेसिबल कमी केले की साधारण १ बिट खर्च होतो. आजची मोठ्या आवाजात मास्टर केलेली सीडी −८ लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी पातळीचं एकक) आसपास असते आणि रिप्लेगेन २ चं लक्ष्य −१८ आहे, म्हणजे १० डेसिबल कपात, पावणेदोन बिटांपेक्षाही थोडं कमी. आउटपुट १६ बिट असेल तर ही कपात मूळ संगीताच्या तळालाच लागते, आणि डिदर (बिट कमी करताना मिसळलेली बारीक खरखर) बंद असेल तर गाणं हळू होत विरतं तिथे खरबरीतपणा येतो. २४ बिट असेल तर १६ बिटांच्या खाली आठ बिट, म्हणजे ४८ डेसिबल मोकळे असतात. दहा डेसिबल त्यात सहज मावतात. डॅकची स्वतःची खरखर तेवढी १० डेसिबलने संगीताजवळ येते, पण ११५ डेसिबलचा आवाका असलेल्या डॅकला त्यानंतरही १०५ उरतात आणि सीडीची मर्यादाच ९६ ची आहे. यंत्रमागांच्या पेठेत तर हा प्रश्न मनातूनही काढून टाका.

मंद्र_पंचम
बरोबर. खरी हानी आवाज *वाढवताना* होते. उदाहरण घ्या: जुन्या ध्वनिमुद्रणाचा अल्बम −२२ लुफ्सचा, म्हणजे गेन +४ डेसिबल. पण त्याचा पीक (सगळ्यात उंच टोक; १ ही कमाल मर्यादा) ०.९८ असेल तर वर जागा उरते जेमतेम ०.२ डेसिबल. नुसतं 'गेन लावा' निवडलं तर सम आणि तिहाईच्या जागी आवाज फाटतो. 'पीक पाहून क्लिपिंग (आवाज फाटणं) टाळा' निवडलं तर फाटत नाही, पण तो अल्बम बाकीच्यांपेक्षा हळूच राहतो. उपाय: गेनची माहिती असलेल्या फाइलींचा प्रीअँप −४ करा. सगळा संग्रह ४ डेसिबल खाली येईल आणि या अल्बमला वाढीची गरजच उरणार नाही.

तुमच्या एमपी३ ला उलट फायदाच आहे. एमपी३ उलगडताना पीक १ च्या वर जातो, स्कॅननंतर गुणधर्मांत १.०९ वगैरे दिसेल. रिप्लेगेन नसताना तो पाऊण डेसिबल छाटला जातो. फूबार आतून फ्लोटिंग पॉइंटमध्ये हिशेब करतो, त्यामुळे गेन आधी कमी झाला की तोच पीक शाबूत राहतो.

पायऱ्या:
१. आधी अल्बमचं नाव आणि अल्बम-कलाकार हे टॅग नीट करा. अर्धवट टॅग असले की एकच अल्बम दोन म्हणून मोजला जातो.
२. सगळं निवडून राइट क्लिक, रिप्लेगेन, 'टॅगनुसार अल्बम म्हणून स्कॅन'. यात फक्त टॅग लिहिला जातो, ध्वनी तसाच राहतो. 'फाइलच्या आशयाला गेन लावा' हा पर्याय वेगळा आहे, त्याला हात लावू नका.
३. प्लेबॅकच्या पानावर सोर्स मोड 'प्लेबॅकच्या क्रमानुसार' ठेवा. मिसळून लावलं की ट्रॅक गेन, सलग लावलं की अल्बम गेन.
४. टॅग नसलेल्या फाइलींचा प्रीअँप −१० च्या आसपास ठेवा, नाहीतर नवी फाइल एकदम अंगावर येते.

रागाचा अल्बम सलग ऐकताना ट्रॅक गेन कधीच नको. आलाप वेगळा ट्रॅक असेल तर तो द्रुतच्या बरोबरीला उचलला जातो आणि कलाकाराने राखलेली चढण नाहीशी होते. जुन्या मुद्रणात तर तबकडीची खरखरही सोबत वर येते.

साखरपेठ_श्रोता
कळलं. मग कूलर चालू असताना मंद्रातला आलाप ऐकू येत नाही, त्याला रिप्लेगेनचा उपयोग नाही ना?

होटगीरोड_ऑडिओ
नाही. रिप्लेगेन पूर्ण गाण्याला एकच आकडा लावतं. गाण्याच्या आतलं लहान-मोठं अंतर कमी करायला कॉम्प्रेसर लागतो आणि तो प्रतीला नक्की धक्का लावतो. विंडोजमधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' हे तसलंच काम करतं, ते बंद करा. 'दबल्यासारखं' याचं दुसरं कारण तेही असू शकतं. स्पॉटिफायमध्ये 'लाउड' निवडलं की लिमिटर (उंच टोकं दाबणारा) मध्ये येतो, 'नॉर्मल'वर ठेवा. कूलरच्या दिवसांत आलाप हेडफोनवर, तोही बंद कपाचा.

गाडीसाठी: बहुतेक कार स्टिरिओ हे टॅग वाचत नाहीत. पेन ड्राइव्हच्या *प्रतीवर* एमपी३गेन चालवा, लक्ष्य ८९ डेसिबल. ते फाइल पुन्हा एन्कोड करत नाही, प्रत्येक फ्रेममधला गेनचा आकडा बदलतं, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी, आणि तो परतही फिरवता येतो. फ्लॅकला हे चालत नाही.

साखरपेठ_श्रोता
शेवटचं. काही डीएसडी (एक-बिटी ध्वनीच्या) फाइलीही आहेत, त्यांचं काय?

मंद्र_पंचम
त्या डीओपीने (डीएसडी जशीच्या तशी पीसीएम या नेहमीच्या डिजिटल स्वरूपाच्या वेष्टनात घालून) डॅककडे पाठवत असाल तर रिप्लेगेन आणि प्लेअरचा व्हॉल्यूम, दोन्हींना हात लावू नका. त्यातल्या खुणेच्या बिटांना गेन लागला की डॅक ते साधं पीसीएम समजतो आणि नुसती फसफस वाजते. पातळी सारखी हवीच असेल तर त्या आधी पीसीएममध्ये बदलून २४ बिटात वाजवा.