मेलिऑयडोसिस : इंजेक्शने सुरू असूनही ताप का उतरत नाही?

प्रश्न (सावंतवाडी तालुका)
माझे वडील ५८ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. भाताची लावणी आटोपता आटोपता त्यांना थंडी वाजून ताप येऊ लागला. खोकला आणि उतरलेले वजन पाहून एका दवाखान्यात क्षयरोगाची औषधे दिली गेली, पण तीन आठवड्यांत काहीच उतार पडला नाही. पुढे सोनोग्राफीत प्लीहेत बारीक गळवे दिसली आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा मेलिऑयडोसिसचा जिवाणू निघाला. मेरोपेनेम या प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू होऊन सात दिवस झाले, तरी संध्याकाळी ताप १०१ अंशांपर्यंत चढतोच. औषध लागू पडत नाही, असे समजावे काय?

उत्तर १ (फिजिशियन)
एवढ्यावरून तसे समजू नये. या आजारात योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला नऊ-दहा दिवस सहज लागतात, आणि आत गळवे असतील तर त्याहूनही जास्त. रक्तदाब, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण ठीक असेल, तर नुसत्या तापामुळे औषध बदलण्याची घाई नको. मात्र पोटाचे व ओटीपोटाचे सीटी स्कॅन झाले नसेल तर करून घ्या, कारण पुरुषांमध्ये मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीत गळू लपून राहते आणि तेथील पू काढावाच लागतो. इंजेक्शने किमान दोन आठवडे, खोल गळवे असल्यास चार आठवडे किंवा अधिक, आणि त्यानंतर को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने.

उत्तर २ (मायक्रोबायोलॉजिस्ट)
कल्चरमध्ये नाव निघाले, हेच मोठे नशीब. हा जिवाणू मातीत व साचलेल्या पाण्यात राहतो, आणि अनेक प्रयोगशाळांत ‘स्यूडोमोनास’ हा वेगळाच जंतू समजून किंवा बाहेरून मिसळलेला जंतू म्हणून बाजूला टाकला जातो. जेंटामायसिन व कोलिस्टिन या प्रतिजैविकांना दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्ह या प्रतिजैविकाला बधणारा जंतू दिसला की आम्ही कान टवकारतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी रंगूनमध्ये त्याचे वर्णन केले ते १९१२ साली. आपल्याकडे मात्र तो अजूनही क्षयरोगाच्या नावाखाली खपतो.

उत्तर ३ (याच आजाराच्या दुसऱ्या एका रुग्णाचा मुलगा)
माझ्या आईने बरे वाटू लागताच दीड महिन्यात गोळ्या सोडल्या आणि पुढच्या पावसाळ्यात आजार उलटला. गोळ्या चालू असताना रक्तातील पोटॅशियम व (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) क्रिएटिनिन तपासत राहा. अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ता
सीटी झाले. प्रोस्टेटमध्ये गळू आहे. उद्या पू काढणार आहेत.