जुनी चिलखते दुरुस्त करावीत की नवी घ्यावीत?

विंगेतला:
आमच्या हौशी नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी पन्हाळ्याच्या वेढ्यावरचे नाटक निवडले आहे. संस्थेच्या माळ्यावर दोन ट्रंकांत वीसेक वर्षांपूर्वी केलेली सहा चिलखते आणि चार चारआईने पडून आहेत. चिलखते म्हणजे जाड सुती दोऱ्याने विणून वर चंदेरी रंग दिलेले अंगरखे, तर चारआईने म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर बांधायचे पत्र्याचे तुकडे. रंगाचे पोपडे निघाले आहेत, पत्र्याला गंज चढला आहे आणि त्या काळचे सडपातळ मावळे आता चाळिशी ओलांडून चांगलेच भरले आहेत.

कार्यकारिणीतील काहींना अॅल्युमिनियमच्या कड्यांची नवी चिलखते हवी आहेत. माझे मत मात्र जुनीच सुधारून घ्यावीत असे आहे. विणलेले चिलखत अजिबात आवाज करत नाही, उलट धातूच्या कड्यांची किणकिण रंगमंचावर टांगलेले माइक बरोबर टिपतात आणि हळू आवाजातील संवाद त्यात बुडतात. शिवाय अॅल्युमिनियम प्रकाशात इतके चकाकते की नटाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पोटाकडे लक्ष जाते. विणकामाला काळा रंग देऊन त्यावर चंदेरी रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवला, तर उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि पाचव्या रांगेतून ते लोखंडच वाटते. अंगाला होत नाहीत, तिथे बगलेत चौबगला आणि कुशीला कळी, म्हणजे घेर वाढवणारे जादा तुकडे, घालता येतील.

हिशेबनीस:
आपण दुरुस्तीचा खर्च फक्त रंग आणि दोरा इतकाच धरला आहे, हीच या चर्चेतील मूळ चूक आहे. सहा चिलखतांना कळ्या घालायच्या, तर त्याच जाडीचा दोरा शोधून त्याच विणीचे तुकडे विणावे लागतील. हे काम कोणीतरी ऑफिस आणि घर सांभाळून रात्री जागून करणार, आणि त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत म्हणून ते फुकट समजले जाणार. हौशी रंगभूमीवर हे वर्षानुवर्षे चालत आले आहे.

दुसरे असे की, दर प्रयोगाआधी जुन्यावरच नवा रंग चढवल्यामुळे ती चिलखते आता पुठ्ठ्यासारखी ताठ झाली असणार. तेलरंग सुतात मुरला की सूत न दुखावता तो निघत नाही. त्यावर पुन्हा काळा आणि पुन्हा चंदेरी थर दिल्याने नटाला हात वर करणेसुद्धा कठीण होईल. गंजलेल्या पत्र्याच्या कडांनी घामट अंग कापले, तर ते वेगळेच संकट. अॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे असते. ज्या मापाच्या खऱ्या चिलखताचे वजन नऊ-दहा किलो भरते, तेच अॅल्युमिनियममध्ये तीन किलोंच्या आसपास येते. एवढा खर्च परवडत नसेल, तर नाटकाचे कपडे पुरवणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडून प्रयोगापुरती भाड्याने आणावीत.

सुईदोरा:
ज्या कामाचा इथे कीस पडतो आहे, ते शेवटी माझ्याकडेच येणार असल्यामुळे दोन गोष्टी स्पष्ट करते. हिशेबनीस यांनी श्रमांचा मुद्दा मांडला, याबद्दल त्यांचे आभार. परंतु त्यांचा उपाय मला पटत नाही. अॅल्युमिनियमच्या कड्या नुसत्या दाबून मिटवलेल्या असतात. झटापटीत कोणी धरून ओढले की त्या उघडतात, आणि मग विंगेत पक्कड घेऊन बसण्याचे काम पुन्हा आम्हालाच. त्याशिवाय हा धातू आतल्या पांढऱ्या अंगरख्यावर काळे डाग सोडतो आणि ते धुण्याने सहज जात नाहीत. भाड्याने आणलेले चिलखत तर माप घेऊन उसवता येत नाही, तेव्हा भरलेल्या मावळ्यांचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

दुरुस्ती करायची की नाही, हे ट्रंकेकडे पाहून ठरत नाही. बगलेतील आणि मानेजवळील विण बोटांत धरून दुमडा. केवळ रंग तडकला, तर चिलखत वाचेल. दोराच तुटून त्याचा भुगा हाताला लागला, तर त्यावर टाका धरणारच नाही. विंगेतला यांनी ही तपासणी न करताच सहाच्या सहा चिलखतांची जबाबदारी माझ्यावर सोपवली, एवढीच माझी तक्रार आहे.

चारआईन्यांचे म्हणाल, तर पत्रा सोडून पाच मिलिमीटर जाडीचा इव्हीए फोम, म्हणजे रबरासारखा लवचीक फोम, वापरावा, असे मी सुचवीन. तो हीट गनने तापवून छातीच्या आकारावर दाबून धरला की थंड झाल्यावर तोच बाक राहतो. सांधे रबरी चिकटद्रव्याने जोडावेत आणि रंगाआधी लवचीक लेप द्यावा, नाहीतर वाकताना रंग तडकतो. फक्त ते फोमचे तुकडे उन्हात उभ्या टेम्पोत ठेवू नयेत, कारण चिकटवलेले सांधे उष्णतेने सुटतात.

खिंडीतला:
आपण सर्वजण सहा चिलखते लागणारच, असे गृहीत धरून वाद घालत आहात. जुलै 1660 मधील पावसाळी रात्री पन्हाळ्यावरून निघून विशाळगडाच्या दिशेने चिखलातून धावत सुटलेली माणसे गुडघ्यापर्यंत लोखंड घालून धावली असतील, हे मला तरी संभवनीय वाटत नाही. शत्रू मागे लागलेला असताना प्रत्येक किलो पायांना जाणवतो. घोडखिंडीतील मावळ्यांना जाड रजईसारखे शिवलेले अंगरखे आणि कमरेला घट्ट शेला द्यावा. प्रतापगडाच्या भेटीचे जे वर्णन परंपरेने चालत आले आहे, त्यातही महाराजांचे चिलखत अंगरख्याच्या आत होते, वर मिरवलेले नव्हते. चिलखते वरून झळकवण्याची सवय आपल्या नाटकांची आहे. या नाटकात ती सिद्दी जौहर, सिद्दी मसूद आणि फार तर एखाद्या सरदाराच्या अंगावर शोभतील.

विंगेतला:
सुईदोराताईंनी सांगितलेली तपासणी काल रात्री केली. तीन चिलखतांची बगल धड आहे. एकाचा दोरा मानेजवळ चुरगळतो, आणि उरलेल्या दोन्हींचा भुगा हातातच आला. त्या दोन्हींचा शाबूत घेर उसवून कळ्यांसाठी वापरता येईल, म्हणजे विण जुळवण्याचा प्रश्न सुटतो. खिंडीतला यांचा मुद्दा दिग्दर्शकांनाही पटला असल्यामुळे तीनच चिलखते पुरतील. कामाचे मानधन अंदाजपत्रकात वेगळे दाखवण्याचे ठरले आहे. रक्कम लहान आहे, पण ती प्रथमच दाखवली जात आहे. लढाईसाठी फोमचे चारआईने नवे होतील. पत्र्याचा एकच, कडा दुमडून आणि अस्तर लावून, छावणीच्या प्रवेशात बसलेल्या जौहरसाठी ठेवू, कारण बसलेल्या माणसाला तो बोचणार नाही.

हिशेबनीस:
मानधनाची नोंद पाहून समाधान वाटले, पण त्या तीन चिलखतांविषयीची माझी शंका कायम आहे. बोटांनी दुमडून पाहणे वेगळे आणि मसूदची भूमिका करणाऱ्या नटाने ते घालून तलवार उगारणे वेगळे. नवा रंग देण्याआधी एका संपूर्ण तालमीत ती घालून झटापट करून पाहावी, आणि विण उसवली तर कोणताही वाद न घालता ड्रेपरीवाल्याला फोन करावा.

सुईदोरा:
मान्य आहे. रविवारच्या तालमीला तिन्ही चिलखते रंग न देताच आणते.