जड कीलच्या होडीला मोठे शीड लावून वेग वाढेल का?

प्रश्न (बेळगाव)
नमस्कार. कारवारला माझ्या मामांची शिडाची होडी आहे. पाणरेषेवर (पाण्याची पातळी होडीला जिथे टेकते तिथे) तिची लांबी 25 फूट असून बुडाला शिशाचा जड कील, म्हणजे तोल सांभाळणारा खाली उतरलेला पट्टा, आहे. फुटांतील या लांबीच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणले की नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) वेगमर्यादा मिळते, असे वाचले. त्यानुसार आमची मर्यादा 6.7 नॉट येते. वारा वाढला तरी होडी साधारण तेथेच अडते, परंतु खुल्या समुद्रात जीपीएसने एकदा 8 नॉट दाखवल्याचे मामा सांगतात. मग खरे काय मानावे? मोठे शीड शिवून घ्यावे का?

उत्तर (खानापूर)
दोन्ही खरे असू शकते. चालती होडी पाण्यात लाटा उठवते आणि त्या तिच्याच वेगाने तिच्याबरोबर चालतात. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो, 6.7 नॉटने जाणारी लाट 25 फूट लांब असते, म्हणून त्या वेगाला एक शिखर नाळेशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) आणि दुसरे बरोबर पिछाडीशी येते. त्यापुढे जोर लावला की दुसरे शिखर मागे सरकते, पिछाडी खळग्यात बसते, नाळ वर उचलली जाते आणि ऊस भरलेल्या ट्रॉलीने घाट चढावा तशी होडी आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. तिथे भिंत नसते, पण पाण्याचा रोध इतक्या झपाट्याने वाढतो की शिडाची वाढीव ताकद बहुतेक त्यातच खर्च होते आणि होडी मात्र अधिक कलते. मामांच्या 8 नॉटमध्ये मागून आलेल्या मोठ्या लाटेच्या उतरणीचा किंवा प्रवाहाचा वाटा असावा, कारण जीपीएस पाण्यातला नव्हे, जमिनीच्या संदर्भातला वेग मोजतो.

उत्तर (निपाणी)
यात वजनाचा मुद्दा जोडतो. लेझर या एकट्याने चालवायच्या होडीची पाणरेषा साडेबारा फुटांच्या आसपास, म्हणजे सूत्राने मर्यादा जेमतेम 4.7 नॉट, तरी चांगल्या वाऱ्यात ती यापेक्षा बरीच वेगाने धावते. तिचा सांगाडा सुमारे 59 किलोचा, शीड 7 चौरस मीटरचे आणि मागचे बूड सपाट असल्याने वेगात पाणीच तिला वर उचलून धरते. यालाच प्लेनिंग म्हणतात. ब्रिटिश होडी-रचनाकार उफा फॉक्स यांनी 1928 मध्ये ‘अॅव्हेंजर’ या होडीने हे तंत्र शर्यतींत सिद्ध केले. कॅटमरानचे, म्हणजे दोन समांतर सांगाडे जोडलेल्या होडीचे, गणित वेगळे आहे: तिचे सांगाडे इतके अरुंद असतात की लाटच लहान उठते आणि प्लेनिंगशिवायही मर्यादा ओलांडता येते. शिशाचा कील वाहणाऱ्या आपल्या होडीला हे दोन्ही मार्ग बंद आहेत.

प्रश्नकर्ता (बेळगाव)
आभारी आहे. म्हणजे मोठ्या शिडाचा विचार सोडूनच द्यावा का?

उत्तर (खानापूर)
मंद वाऱ्यासाठी जरूर शिवा. तीन-चार नॉटला लाटांपेक्षा बुडाचे घर्षण अधिक आड येते, त्यामुळे तिथे मोठ्या शिडाचा फायदा दिसतो. मात्र त्याआधी बुडाचे शेवाळ आणि शिंपले खरवडून घ्या.

उत्तर (हुक्केरी)
पडताळायचे असेल तर एक दशांश मापाचा लाकडी नमुना शेततळ्यात स्प्रिंगकाट्याला बांधून ओढून पाहा. ब्रिटिश अभियंते विल्यम फ्रूड यांनी 1867 मध्ये इंग्लंडमधील डार्ट नदीत वेगवेगळ्या लांबीचे नमुने असेच ओढले होते. वेगाला दहाच्या वर्गमुळाने भागायचे असल्याने तुमचे 6.7 नॉट तिथे सेकंदाला सुमारे 1.1 मीटर होतात, म्हणजे काठाने चालत दोरी ओढता येते. काट्यावरचा आकडा त्या गतीच्या आसपास उसळू लागतो. घर्षण या प्रमाणात उतरत नाही, तेव्हा रोधाचा आकडा थेट मोठ्या होडीला लावू नका. लाटेची शिखरे कुठे येतात, ते मात्र नेमके दिसेल.