लेकीकडे जर्मनीला जायचंय, धंदा सगळा रोखीचा. व्हिसा मिळेल का?

डंखवाले_लालबाग

नमस्कार मंडळी. लालबागला आमचे मसाल्याचे डंख (मसाला कुटायची यंत्रं) आणि पिठाची गिरणी आहे, वडिलांपासूनची. मुलगी श्टुटगार्टला हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्याकडे आम्हा दोघांना महिना-दीड महिना जायचंय. दोघंही कधी विमानात बसलेलो नाही. पासपोर्ट नवे कोरे आहेत.

तारखा गिरणीच्या हिशोबाने धरल्यात. मार्च ते मे घरोघरचा वर्षाचा मसाला कुटून न्यायचे दिवस, तेव्हा डंख रात्रीपर्यंत थांबत नाहीत. पाऊस लागला की काम उतरतं. म्हणून जूनच्या मध्यावर निघायचं आणि जुलैअखेर परत. पुढे गणपती, तेव्हा लालबागच्या माणसाला बाहेर राहून चालत नाही.

आता अडचण. गिऱ्हाईक रोख देतं. क्यूआर लावल्यापासून बरेच पैसे सहकारी बँकेतल्या खात्यात येतात, पण वीजबिल आणि दोन कामगारांचे पगार गेले की शिल्लक लाखाच्या वर टिकत नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न मात्र दरवर्षी भरतो. राहायला चाळीतली पागडीची खोली आहे, भाडेपावती माझ्या नावाची. गावाला संगमेश्वरकडे जमीन आहे, पण सातबाऱ्यावर चार भावांची नावं. बायकोच्या नावावर दोन एफडी, बाकी काही नाही.

एका एजंटने सांगितलं, खात्यात सहा लाख दिसलेच पाहिजेत. पैसे तोच महिन्याभरासाठी व्याजाने द्यायला तयार आहे. फ्लॅटचे कागदही ‘करून देतो’ म्हणाला. मुलगी फोनवर रडली, म्हणाली, ‘बाबा, यातलं काहीही करू नका.’ पण मला रात्री झोप नाही. आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्याने खरं आहे तेवढंच दाखवलं तर व्हिसा नाकारतात का? नक्की काय दाखवायचं?

मीनल_दादर

काका, लेकीचंच ऐका. मी छोट्या दुकानदारांची रिटर्नं भरते, आणि त्यातल्या ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्या व्हिसाच्या फायलीही लावून देते. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

स्टेटमेंट गेल्या काही महिन्यांचं मागतात. शेवटची शिल्लक बघून ते बाजूला ठेवत नाहीत, पैसा कुठून आला आणि कसा गेला ते बघतात. वर्षभर वीस-तीस हजारांची ये-जा आणि अर्जाच्या तोंडावर एकदम सहा लाख, हे पहिल्या नजरेत कळतं. आणि फ्लॅटचे खोटे कागद तर हातातही धरू नका. खोटी कागदपत्रं हे शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, नाकारण्याचं ठरलेलं कारण आहे. नकाराची नोंद त्यांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षं राहते आणि ती प्रत्येक शेंगेन देशाला दिसते. म्हणजे पुढे लेकीकडे जायची वाट तुम्हीच बंद कराल.

मुळात तुम्हाला सहा लाखांची गरजच नाही. लेकीला सांगा, तिच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, तिकडे त्याला आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात, जाऊन तुम्हा दोघांसाठी ‘फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’ करून घे. आई-वडिलांचा तिथला सगळा खर्च मी करीन, अशी ती सरकारदरबारी दिलेली हमी असते. तिच्या पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार बघून देतात, फी २९ युरो. त्याची मूळ प्रत कुरिअरने तुमच्याकडे आली पाहिजे, आणि अर्ज करताना ती सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथूनच करा.

हमी आली की खर्चाचा प्रश्न बहुतांशी मिटतो. मग खरा प्रश्न उरतो तो एकच: ही माणसं परत येणार का? आणि काका, इथे तुमची बाजू पगारदार माणसापेक्षाही भक्कम आहे. चालता धंदा आहे, कामगार आहेत, घर आहे. ते कागदावर नीट दिसलं पाहिजे, एवढंच. गुमास्ता लायसन्स लावा, तीन वर्षांची रिटर्नं पोचपावतीसकट लावा, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट लावा. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे गिरणीचं वर्षभराचं वीजबिल. मार्च ते मे युनिट वर चढलेले आणि पावसात उतरलेले दिसतील. तुम्ही हंगामाबद्दल लिहाल ते त्या बिलांतून आपोआप खरं ठरेल. भाडेपावत्या लावा, पागडी म्हणजे काय ते अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात सांगा. सातबारा लावायचा तर इंग्रजी भाषांतर करून. चार भावांची नावं असली तरी बिघडत नाही, तुम्ही मालकी मोठी दाखवत नाही आहात. बायकोच्या एफडीच्या पावत्याही लावा.

पत्र एजंटच्या साच्यातलं नको. जे वर लिहिलंत तेच लिहा: मसाल्याचा हंगाम, पावसातली मंदी, गणपतीआधी परत, आणि तुम्ही नसताना गिरणी कोण बघणार त्याचं नाव. इतकं साधं आणि खरं कारण फार थोड्या अर्जांत असतं.

डंखवाले_लालबाग

ताई, फार आभार. हमीपत्राचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. गिरणी माझा पुतण्या बघेल, त्याचं नाव लिहितो. एक शंका: आमचं लग्न १९९१ साली गावाला झालं, नोंदणी केलेली नाही. बायकोचं नातं कसं दाखवायचं?

मीनल_दादर

दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं आहेत का ते आधी पाहा. दाखला मात्र काढूनच ठेवा, पुढे दहा ठिकाणी लागतो. जुन्या लग्नाची नोंदणी आजही होते. तुम्ही एफ दक्षिण वॉर्डात येता, तिथल्या विवाह नोंदणीत चौकशी करा. तीन साक्षीदार लागतील, लग्नपत्रिका किंवा फोटो असेल तर शोधून ठेवा. शिवाय लेकीचा महापालिकेचा जन्मदाखला लावा. त्यावर तुम्हा दोघांची नावं असतात, आणि आई-वडील म्हणून जाताय तर तोच मुख्य पुरावा.

सासरेबुवांचा_जावई

एवढं सरळ नसतं हो. माझ्या सासऱ्यांचे कागद सगळे खरे होते, पेन्शन होती, स्वतःचं घर होतं. तरी एका दुसऱ्या शेंगेन देशाने नाकारला. कारणात एवढंच की परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका आहे. म्हातारा माणूस महिनाभर कोणाशी बोलला नाही. काकांना उगाच खात्री देऊ नका.

मीनल_दादर

खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहावं. तुमच्या सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. त्यांच्या अर्जात इथे परतून काय करणार हे शब्दांत लिहिलं होतं का? पेन्शन कुठेही बसून खाता येते, म्हणून निवृत्त माणसाने तर ते जास्त नीट मांडावं लागतं: इथे सोबत राहणारी बायको, नातवंडं, चालू असलेले औषधोपचार, सोसायटीचं काम, जे असेल ते.

जर्मनीपुरतं सांगते. तिथे नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता एकतर बर्लिनच्या न्यायालयात जा, नाहीतर उणीव भरून नवा अर्ज करा. म्हणूनच पहिलाच अर्ज पूर्ण असावा म्हणून मी एवढं लिहितेय.

डोंबिवली_फास्ट_लोकल

माझे आई-बाबा श्टुटगार्टजवळच राहून आलेत. बाकी मीनलताईंनी सांगितलंच आहे, मी फक्त धावपळीचं सांगतो. अर्ज दोघांचे वेगवेगळे, फायलीही दोन, झेरॉक्स दोन्हीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तुम्हाला जूनमध्ये निघायचंय तर मार्चच्या आत, डंखांची गर्दी सुरू होण्याआधी उरकून टाका. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ पर्यंतही लांबू शकतो, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतो. फी माणशी ९० युरो, वर व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागेल. काकू हाताने पीठ-मसाला हाताळत असतील तर ठसे पुसट येतात, आधी काही दिवस हातांना तेल लावायला सांगा. माझ्या आईचे नीट उमटायला वेळ लागला होता.

विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस भरणारा हवा. तिकिटाचं फक्त आरक्षण दाखवा, पैसे व्हिसा हातात आल्यावर भरा. मुंबईहून थेट फ्रँकफर्ट घ्या, विमानतळाच्या खालूनच श्टुटगार्टची रेल्वे मिळते, सव्वा तासाचा रस्ता. आणि मुंबई-श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, तेव्हा परक्या गावी चाललोय असं मानू नका.

डंखवाले_लालबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला काल नको म्हणून कळवलं. मुलीने तिथल्या कार्यालयात वेळ मागितली आहे. सीएकडून रिटर्नांच्या प्रती आणल्या. वीजबिलं काढून बघितली, ताई म्हणाल्या तसंच आहे, एप्रिलचा आकडा ऑगस्टच्या दुपटीहून जास्त.

बायको विचारते, लेकीसाठी मालवणी मसाला, तूप, आंबे आणि सुके बोंबील नेता येतील का?

डोंबिवली_फास्ट_लोकल

मसाला बिनधास्त न्या, नीट सीलबंद करून. तूप, पेढे, खवा आणि मटण-चिकनचं काहीही नको. दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून न्यायला युरोपात बंदी आहे. आंबेही नाहीत, ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. नारळाला मात्र सूट आहे. आणि बोंबील चालतात, मासळीला माणशी २० किलोपर्यंत परवानगी आहे. फक्त वासासाठी तीन पिशव्यांत बांधा.