मदत हवी : जाळ्यात नुसती चिलापी, बीज कुठलं सोडावं?

गाळपेर : रविवारी बैठक आहे, त्याआधी उत्तर पाहिजे. वर्गणी काढून धरणात बीज सोडायचं ठरलंय. काल रात्रभराच्या जाळ्यात १४ किलो चिलापी, एकही तळहाताएवढी नाही, आणि एक हेलिकॉप्टर, म्हणजे सकर मासा. त्या सकरचे काटे असे गुंततात की जाळं कापूनच सोडवावा लागला. आज्जा सांगतो, धरणाआधी महाशीर, वाम, शिंगाळा घावायचा. ते जुने मासे परत यायला कुठलं बीज सोडू? फाटे फोडू नका.

गळवाला : धरण कुठलं? आणि बीज म्हणजे बारकी जिरे की बोटाएवढी बोटुकली?

गाळपेर : उजनी! दुसरं कुठलं असणार? बोटुकली.

तळ्यातमळ्यात : डोळे झाकून रोहू-कटला सोडा. आमच्या शेततळ्यात वर्षात किलोचे झाले.

गळवाला : शेततळं आणि उजनी एक आहे होय? रोहू-कटला मुळात गंगेकडचे, भीमेचे जुने मासे नव्हेतच. अंडी घालायला त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात वाढतात, पण विणीचं नाव नाही, म्हणजे दरवर्षी वर्गणी. चिलापीचं उलटं. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, तिला प्रवाहाशी देणंघेणं नाही. १९८० साली भीमा अडली, तिला आयतंच घर मिळालं.

दोनघास : चिलापीला नावं ठेवू नका राव. भिगवणला कडक तळलेली खाल्ली होती. हॉटेल कुठलं सांगेल का कोणी?

अ‍ॅरिझोनाकर : आमच्याकडे कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन धरण आहे, १९६३ चं. पाणी खोलातून सुटतं, म्हणून खालची नदी बर्फासारखी गार झाली. स्थानिक हम्पबॅक चब माशाला विणीसाठी ऊब लागते, तो मागे पडला. बाहेरून आणलेला ट्राउट मजेत. २०२२ ला जलाशय इतका उतरला की वरचं कोमट पाणी टर्बाइनच्या तोंडाशी आलं, आणि त्यातून स्मॉलमाउथ बास हा परका शिकारी मासा खाली गेला. तो चबला खातो. २०२४ ला त्याची वीण रोखायला मुद्दाम गार पाणी सोडलं. उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली जाते तेव्हा कोणी असं बघितलंय?

गाळपेर : मी अमेरिकेचं विचारलं का?

सह्यकडा : लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात महाशीरची पैदास होते. तिथे विचारा. साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली या माशाची नोंद केली ती मुळा-मुठेतूनच, म्हणजे घरचाच मासा.

गळवाला : घरचा खरा, पण घर राहिलंय का? त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि खडे-गोटे लागतात. बॅकवॉटरला गाळ, वर पुण्याचं सांडपाणी. हाच महाशीर कावेरीत सोडला, तर तिथल्या कुबडवाल्या महाशीरच्या मुळावर आला. आपला देशी तिकडे परका.

सह्यकडा : म्हणजे काहीच करायचं नाही? तुमचं नेहमीचंच.

गळवाला : तसं म्हटलं का मी? गाळपेर, गाव धरणाच्या भिंतीजवळ की वर?

गाळपेर : वर. पाणी ओसरलं की आमच्याकडे जुनं पात्र उघडं पडतं. दगडांवर कपडे धुवायच्या खुणा अजून दिसतात.

गळवाला : हे आधी सांगायचं ना! पहिल्या पुराला मासा अंडी घालायला तिथूनच वर चढत असणार. बीज राहू द्या. त्या पट्ट्यात जून-जुलैला बारीक जाळी बंद ठेवायचा ठराव रविवारी मांडा. महाशीर नाही येणार, पण उरलासुरला वाम-शिंगाळा वाचेल.

गाळपेर : दोन महिने जाळं बंद? मग पोरांना काय घालू? आणि वर्गणी जमा झालीये, बोटुकलीचा टेम्पो शनिवारी येतोय.

तळ्यातमळ्यात : रोहूच ना? मी सांगितलंच होतं.

दोनघास : हॉटेलचं राहिलं.