टायरचे सरकारी निकष: कारखान्यात कडक, रस्त्यावर वाऱ्यावर

माळरान
टायरचा विषय निघाला की ‘आपल्याकडे नियमच नाहीत हो’ असं कुणीतरी म्हणतंच. नियम आहेत, ढिगाने आहेत. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरला आयएसआय मार्क सक्तीचा केला. जून २०२२ च्या अधिसूचनेने त्यावर एआयएस-१४२ हे वाहन उद्योगाचं मानक आलं. ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना होणारा रोध आणि टायरचा आवाज, तिन्हींना मर्यादा. नव्या डिझाइनला ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून बनत असलेल्यांना २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने.

पण ही सगळी कडक शिस्त टायर कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंतच. नंतर तो कुणाचाच नाही. मोटार वाहन नियमांत लिहून ठेवलंय की नक्षीची खोली चारचाकीला किमान १.६ मिमी आणि दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिमी हवी. हे मोजतं कोण? खासगी कारला पहिली पंधरा वर्षं फिटनेसची भानगडच नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, तिथून हातभर अंतरावर गोटा झालेला टायर असतो, आणि त्याच्याकडे बघायला त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

म्हणून म्हणतो, नवे निकष, तारे, लेबलं सध्या बाजूला ठेवा आणि आधी रस्त्यावरचा टायर तपासा. कुणाला पटत नसेल तर कारणासकट लिहा.

कोकण्या
नाही पटलं. गोटा टायर डोळ्यांना दिसतो हो. आंधळाही हात फिरवून सांगेल. जे दिसत नाही त्यासाठी सरकार लागतं. दोन नवेकोरे टायर शेजारी ठेवा, नक्षी सारखी, काळे कुळकुळीत. कशेडीच्या उतारावर पावसात ब्रेक दाबल्यावर कुठला धरेल आणि कुठला घसरेल, हे तुम्ही-आम्ही दुकानात कसं ओळखणार? ते रबराच्या मिश्रणात असतं.

ही चाचणी कशी होते तेही सांगतो, कारण ‘कागदी निकष’ म्हणणारे इथे येतीलच. ट्रॅकवर साधारण एक मिमी पाण्याचा थर ठेवतात. गाडी ८० च्या वर नेऊन ब्रेक दाबतात आणि ८० पासून २० पर्यंत वेग उतरताना किती अंतर गेलं ते मोजतात. तेच एका ठरलेल्या संदर्भ टायरवर करतात आणि दोन्हींची तुलना करून आकडा काढतात. निर्देशांक १.१ म्हणजे संदर्भ टायरपेक्षा दहा टक्के सरस. हे तुमच्या पीयूसीवाल्याला जमेल?

माळरान
@कोकण्या, चाचणी छानच आहे. पण ती कोऱ्या टायरवर होते ना? त्याच टायरची नक्षी दोन मिमीवर आली की तुमच्या १.१ चं काय होतं? युरोपने हे ओळखून झिजलेल्या टायरची ओल्यातली पकडही तपासायला घेतली, जुलै २०२४ पासून नव्या प्रकारच्या कार टायरना. आपलं एआयएस-१४२ त्याबद्दल गप्प आहे.

कोकण्या
म्हणजे निकष आणखी कडक हवेत, असंच झालं की! तुम्ही तर बाजूला ठेवा म्हणत होतात.

बाप्या टायरवाला
माझं टायरचं दुकान आहे, तेव्हा काउंटरच्या अलीकडची बाजू ऐका. गिऱ्हाईक दोन प्रश्न विचारतं: ‘केवढ्याला?’ आणि ‘किती पळेल?’ ओल्यात कसा थांबेल, असं विचारणारं अजून कुणी भेटलेलं नाही. आणि कसं विचारणार? एआयएस-१४२ मध्ये टायर पास झाला की झाला. काठावर पास झालेला आणि पहिल्या वर्गात आलेला, दोघांवर तोच शिक्का. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ताऱ्यांची योजना आली, पण ती ऐच्छिक, आणि तारे आहेत इंधन बचतीचे. फ्रिजला पाच तारे बघून घेणारा माणूस टायर मात्र कंपनीचं नाव आणि मेव्हण्याचा सल्ला यावर घेतो.

त्यातली गोम अशी. रोध कमी केला की पेट्रोल वाचतं, पण नुसतं तेवढंच बघितलं तर पकड जाते. पकड वाढवायला मऊ रबर घेतलं तर लवकर झिजतं आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने शंख करतं. सिलिका घातली की पकड आणि रोध दोन्ही बऱ्यापैकी सांभाळता येतात, पण खर्च चढतो. निकष नसता तर ‘किती पळेल’वाल्यांच्या जिवावर दगडासारखे कडक टायरच खपले असते. म्हणून मी कोकण्याच्या बाजूने.

आणि माळरानसाहेब, टायर बघायला यंत्र लागत नाही. साइडवॉलवर छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटा दिसेल. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की १.६ झाला, टायर संपला. तिथेच जवळ चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर, पण साइडवॉलला केसांसारख्या भेगा आणि आकडा जुनापुराणा, असा टायर लावून लोक ‘गाडी फार चालली नाही हो’ म्हणत समृद्धीवर जातात.

उलट तपासणी
वा, कारखानदारांची बाजू दुकानदार मांडतायत. जून २०२० मध्ये टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, परवान्याशिवाय आणता येत नाही. दोन वर्षांनी नवा निकष आला. आधी बाहेरचा माल अडवायचा, मग ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून भाव वाढवायचे. गिऱ्हाईकाला निवड उरली का?

कोकण्या
आयातबंदीवर भांडायचं तर वेगळं भांडू, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण एआयएस-१४२ त्यात ओढू नका. त्याचा साचा संयुक्त राष्ट्रांच्या ११७ क्रमांकाच्या नियमाचा आहे. युरोपात विकणाऱ्या कंपन्या तो आधीपासून पाळतात. उलट आपल्याच कंपन्या निर्यातीचा माल एका प्रतीचा आणि घरचा दुसऱ्या प्रतीचा काढू शकत होत्या, ती सोय या निकषाने कमी केली. आणि भावाचं रडगाणं सप्टेंबर २०२५ नंतर जरा हळू आवाजात म्हणा, टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

सुमेधाताई
चारही बाजूंनी चर्चा चाललीय ती चारचाकीचीच. एआयएस-१४२ मध्ये कार, हलकी व्यापारी वाहनं, ट्रक आणि बस. दुचाकी नाही! २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. पहिल्या पावसात तेल-माती वर येते तेव्हा कार घसरली तर बंपर फुटतो, स्कूटर घसरली तर मागचा ट्रक अंगावरून जातो. ज्याच्या खाली दोनच टायर आहेत त्याला ओल्या पकडीचा निकष नाही, आणि नक्षीची मर्यादाही निम्मी. याला काय म्हणायचं?

उलट तपासणी
ताई, तो ११७ वाला नियमही दुचाकीला लागू नाही. आपल्या लोकांनी साचा उचलला तो तसाच.

सुमेधाताई
हो ना, तिथे दुचाकी रविवारी फिरायला काढतात. इथे तिच्यावर नवरा-बायको, दोन लेकरं आणि गॅसची टाकी असते. त्यांच्याकडे नाही म्हणून आपल्याकडेही नको?

माळरान
सुमेधाताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. धागा काढताना मीही चारचाकीच डोळ्यांसमोर ठेवली होती. पण बघा, दुचाकीला उद्या निकष आला तरी पाच वर्षं तोच टायर फिरवणाऱ्याला हात कोण लावणार? मी पुन्हा तिथेच येतो.

म्युनिकर
इथे जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावी लागते, खासगीसुद्धा. ब्रेक, दिवे, टायर सगळं बघतात. टायर नापास तर शिक्का नाही, शिक्का नाही तर पोलीस धरतात. दुकानात प्रत्येक टायरला लेबल, ए ते ई, इंधन आणि ओली पकड वेगवेगळी, शिवाय आवाज. लेबल २०१२ पासून आहे, २०२१ मध्ये सुधारलं. त्यामुळे ‘निकष की तपासणी’ असा वाद इथे कुणी घालत नाही, दोन्ही आहेत.

ट्रान्सपोर्टवाले अण्णा
म्युनिकर, तुमच्या तिकडचा इन्स्पेक्टर चहापाण्याला किती मागतो तेही लिहा.

बाकीच्यांना सांगतो. खासगी गाडीवाल्यांना तपासणी माहीत नाही, आम्हाला आहे. ट्रकला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, मग दरवर्षी. पासिंगच्या दिवशी दुसऱ्या गाडीचे चांगले टायर काढून लावायचे, संध्याकाळी परत आपले जुने चढवायचे, हा प्रकार या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माळरान, तुम्ही जी ‘रस्त्यावरची तपासणी’ मागताय ती हायवेवर काठी आडवी घालून होणार. टायर चांगला असला तरी ‘नक्षी कमी वाटते’ म्हणणार. वाटते! खोली मोजायचं गेज कुणाच्या खिशात असतं?

आणि सरकारचा दुटप्पीपणा बघा. २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलचं वजन १०.२ टनांवरून ११.५ टन केलं. कागदावर एका रेघेत. टायर तोच, रस्ता तोच, उन्हाळा विदर्भातलाच. आणि टायर फुटला की ट्रकवाला निष्काळजी.

कोकण्या
अण्णा, एक विचारू? रिमोल्डचं काय? नव्या टायरला एआयएस-१४२, आणि तुमच्या मागच्या चाकांवर दोनदा-तीनदा रबर चढवलेला जो फिरतो त्याला ओल्या पकडीची कुठली चाचणी? द्रुतगती मार्गावर कडेला ते रबराचे पट्टे पडलेले असतात, ते आभाळातून पडत नाहीत.

ॲडव्होकेट काळा कोट
‘निष्काळजी’ वरून आठवलं. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नेमका हा प्रश्न सोडवलाय. पुण्याहून मुंबईला जाताना २०१० मध्ये एका गाडीचा टायर फुटून अपघात झाला होता. विमा कंपनीचं म्हणणं, टायर फुटणं ही देवाची करणी, आम्ही भरपाई देणार नाही. न्यायालयाने अपील फेटाळलं. वेग, हवा कमी-जास्त असणं, जुना टायर, तापमान अशी कारणं असू शकतात, आणि निघण्यापूर्वी टायर बघणं चालकाचं काम आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे माळरान जी जबाबदारी सरकारवर ढकलतायत ती कायद्याने आधीच मालक-चालकावर आहे.

माळरान
वकीलसाहेब, ती जबाबदारी माणूस गेल्यावर ठरते. मला जाण्याआधीची हवी आहे. आणि अशी तपासणी होत नाही असंही नाही. २०२३ मध्ये समृद्धीवर चढायच्या ठिकाणी आरटीओने टायर बघून खराब टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केलीच होती. एका रस्त्यावर जे करता येतं ते बाकीच्या ठिकाणी का नाही?

उलट तपासणी
समृद्धीचं नाव काढलंत म्हणून. जुलै २०२३ मधला सिंदखेडराजाजवळचा बस अपघात आठवतोय? २५ जण जळून गेले. चालक म्हणाला टायर फुटला. आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा नाही असं आलं. चालक डुलकला, वेग जास्त होता, गाडीची रचना चुकीची होती, काहीही असो, पहिल्या बातमीत टायरच फुटलेला असतो. टायर बिचारा साक्ष द्यायला येत नाही.

बाप्या टायरवाला
हे मात्र शंभर टक्के. ‘सिमेंटचा रस्ता टायर फोडतो’ हेही तसंच. कार टायरवर ‘टी’ असेल तर तो ताशी १९० पर्यंतचा, तुम्ही १२० ने जाताय. पण ही हमी हवा बरोबर असेल तर! हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दबतो, उठतो, आतून तापतो. शहरात सिग्नल लागतात, टायर गार होतो. समृद्धीवर दोन तास श्वास घ्यायला जागा नाही. मग आतले पट्टे सुटतात. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, ‘नवीन होता हो, कंपनीला लिहा.’ रिम काढल्यावर आत काळा भुसा पडलेला असतो, म्हणजे गाडी मऊ हवेवर कितीतरी पळालेली. त्याला कुठलंही सरकार काय करणार?

नवखा चालक
मग नायट्रोजन भरला तर? गडकरींनीही संसदेत सक्तीचं बोललं होतं ना?

बाप्या टायरवाला
२०१९ मध्ये, रबरात सिलिकॉन मिसळणं आणि टायरमध्ये नायट्रोजन, दोन्हींचा विचार चालू आहे म्हणाले होते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे जास्त झाले असतील तर भरा, मी भरून देतो. पण सकाळी टायर गार असताना हवा तपासा, ते फुकट आहे.

माळरान
अण्णांच्या हप्त्याच्या मुद्द्याला उत्तर राहिलं. काठी आडवी घालून नकोच. पीयूसी केंद्रात आधीच नंबरप्लेटचा फोटो काढतात. त्याच खेपेला चारही टायरवर डिजिटल गेज लावा, आकडा थेट सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर. १.६ च्या खाली असेल तर विमा नूतनीकरण अडवा. कुणाशी बोलायचं काम नाही, कुणाला ‘वाटायचं’ काम नाही.

कोकण्या
हे बरं आहे. त्याच फोटोत ते चार आकडेही येऊ देत, टायर किती सालचा ते कळेल. पण माझी अट कायम. दुकानात ओल्या पकडीचा दर्जा लिहिलेलं लेबल सक्तीचं हवं. नाहीतर तुमचं गेज भिकार रबराच्या पाच मिमी नक्षीलाही पास करेल.

ट्रान्सपोर्टवाले अण्णा
गेजने मोजा, आकडा माझ्या मोबाइलवर येऊ द्या, मी रांगेत पहिला उभा राहतो. फक्त त्याच रांगेत खासगी गाड्या आणि एसटीसुद्धा हव्यात. ट्रकवाल्यापुरता कायदा केलात तर आम्ही पुन्हा टायर अदलाबदलीच करणार, आत्ताच सांगून ठेवतो.

कोकण्या
अण्णा, रिमोल्डचं उत्तर अजून आलेलं नाही.